पुढची सीट

सोनाजीच्या पोराचं लग्न सिंगापूरला ठरलं आणि अख्ख्या कुरुंद्याला उधाण आलं. वऱ्हाड चक्क विमानाने जाणार! तोवर गावातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं. नवरदेवाची आई आशाबाई लाडूंवर लाडू वळत होत्या, भावकी नव्या बॅगांची कुलपं उगाच लावून-काढून पाहत होती. सोनाजीचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. लग्न कोणाचंही असो, वऱ्हाडाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट थोरल्या जावयाची, विजयकुमारची. तो त्याचा मान. तिथं दुसरं कोणी बसलं की जावई फुगून खालीच उभा राहायचा.

"पायलटच्या बाजूला एक सीट करा ना, साहेब," सोनाजीने हिंगोलीच्या तिकीटवाल्याला लय विनवलं. तो नुसता हसला.

शेवटी सोनाजी जावयापुढे हात जोडून उभा राहिला. "जावईबापू, समोरची सीट काही भेटून न्हाई राहिली. तेवढ्यासाठी रुसू नका."

विजयकुमारचा चेहराच उतरला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तो सासऱ्याच्या कानाशी लागला.

"मामा, मानाचं काही न्हाई हो. मला गाडी लागते. विमान लागतं का, तेवढं इचारून या!"