कोळंबीचा वास

कोळंबीची पिशवी नाकाशी धरून तो ओट्यापाशी उभा होता आणि नाक ढिम्म होतं. चांगला वास नाही, वाईट नाही, कसलाच नाही. दोन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला, तो जाताना वास आणि चव दोन्ही सोबत घेऊन गेला. तेव्हापासून तिखट तेवढं झोंबायचं, बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं.

घरात त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. तो बस चालवायचा, पहाटेच्या पाळीला. सगळ्यांच्या आधी घरी यायचा, म्हणून रात्रीचं जेवण लग्नापासून त्याच्याकडेच होतं. बायको नर्स, दहा इंजेक्शनं बिनचूक द्यायची आणि घरी चहासुद्धा उतू घालवायची. 'बाबाच्या हातची चव' असं लेक मैत्रिणींना सांगायची, तेव्हा याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ती चवच गेलीय हे कळलं तर? मग या घरात आपण फक्त बल्ब बदलण्यापुरते उरणार, अशी त्याला खरोखरच भीती वाटत होती.

त्याने वाट काढली होती, आणि ती सासूबाईंच्या खुर्चीपाशी जात होती. सासूबाई सात वर्षं त्यांच्याकडे राहत होत्या आणि त्याच्या कुठल्याही पदार्थाला 'बरं झालंय' याच्यापलीकडे एक शब्द त्यांनी खर्चला नव्हता. अशा बाईचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. तो रोज संध्याकाळी चमचा घेऊन जायचा. "आई, जरा चव बघता?" सासूबाई ताठ बसायच्या, डोळे मिटायच्या, विचार करायच्या आणि निकाल द्यायच्या. आणखी चमचाभर मीठ. आणखी दोन मिरच्या. तो निमूटपणे घालायचा. हल्ली बायको आणि लेक जेवताना पेल्यावर पेले पाणी प्यायच्या, पण उन्हाळाही कडक होता.

आज मात्र प्रश्न मिठाचा नव्हता. लेकीने मंगळवारपासून पास्त्याचा धोशा लावला होता: क्रीम घातलेला, झणझणीत, भरपूर कोळंबीचा. त्याने दुपारी कोळंबी घेतली, बर्फात घालून बसमध्ये सीटखाली ठेवली. तेवढ्यात दुसरा ड्रायव्हर आला नाही म्हणून एक जादा फेरी त्याच्या गळ्यात पडली. घरी येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. नाकवाल्या माणसाने दोन सेकंदांत निकाल लावला असता.

"आई, या कोळंबीचा वास बघता? उन्हात राहिली थोडी."

सासूबाईंनी पिशवी घेतली. डोळे मिटले. आज त्यांनी नेहमीपेक्षा फार वेळ लावला.

"ताजी आहे," त्या म्हणाल्या. पिशवी परत देताना पुढे म्हणाल्या, "पण नीट शिजवा हं."

तो कामाला लागला. पास्ता उकळत्या पाण्यात सोडला. लोण्यात लसूण टाकला आणि त्याची तडतड ऐकून आच कमी केली. कान अजून शाबूत होते. लाल मिरची कुटून घातली. कोळंबी गुलाबी होऊन वळली, तसं क्रीम ओतलं. सासूबाईंनी चव बघून मीठ वाढवायला सांगितलं, ते वाढवलं. मग त्याने गुपचूप चार कोळंब्या तोंडात टाकल्या. काही व्हायचंच असेल तर आधी आपल्याला होऊ दे, लेकीला नको.

मागे वळून बघतो तर सासूबाई वाटी घेऊन उभ्या.

"मला आधी वाढा. भूक लागलीय."

त्यांनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच सहा कोळंब्या फस्त केल्या. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. मग दोघं टेबलाशी समोरासमोर बसले. ताटं मांडून झाली होती. तो सासूबाईंचा चेहरा न्याहाळत होता आणि सासूबाई त्याचा.

"बरं वाटतंय ना, आई?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हालाच घाम फुटलाय."

दार वाजलं. बायको लेकीला क्लासमधून घेऊन आली होती. "काय वास सुटलाय," ती बुटांसकट आत येत म्हणाली, "जिन्यातच भूक लागली." तिने कढईतून एक कोळंबी उचलून तोंडात टाकली. "छान ताजी मिळाली रे. मीठ नेहमीसारखंच दुप्पट." आणि ती लेकीला घेऊन हात धुवायला गेली.

स्वयंपाकघरात सुटकेचे दोन मोठे निःश्वास एकदमच सुटले. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई मिठाच्या बरणीकडे पाहू लागल्या.

आता त्याच्याने राहवेना. "आई, एक सांगतो, हिला सांगू नका. मला दोन महिने कसलाच वास येत नाही. चवही कळत नाही. सगळी गाडी तुमच्या जिभेवर चालली होती."

सासूबाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"माझी जीभ तर तीन वर्षांपूर्वीच गेली, जावईबापू. पण या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला रोज काही विचारत होतं, मग कळत नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?"