जुनी चाल

"काका, ह्या पायात फार अडगळ साठलीय," दिगंबररावांच्या यांत्रिक पायाला वायर जोडत दुरुस्तीच्या दुकानातली ओवी म्हणाली. "न लागणारी सॉफ्टवेअर पॅकेजेस काढून टाकते, चार्जिंग जास्त टिकेल. हे 'जुनी चाल' कशाला ठेवलंय?"

लहानपणी झाडावरून पडल्यापासून दिगंबरराव लंगडत. पुढे तो पाय कापावा लागला आणि हा बसवला, तेव्हा त्यांच्या बायकोने, रत्नमालेने, हट्टाने ते लंगडणं यात घालून घेतलं होतं. तिचं खूळ म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

"त्याच्यावर काही अवलंबून आहे का?"

"पायातला एकही भाग नाही."

"मग काढ बाई. जन्मभर लंगड्या म्हणून घेतलं, पुरे झालं."

ते ताठ चालत घरी आले, झपाझप पायऱ्या चढले. ओसरीवर रत्नमाला वाटाणे सोलत बसली होती. दृष्टी गेल्यापासून ती माणसं पावलांवरून ओळखायची. तिचे हात थांबले.

"कोण आहे? हे घरात नाहीत. नंतर या."

"अगं, मीच आलोय!"

ती धडपडत उठली. वाटाणे सांडले. भिंत चाचपत ती आत गेली आणि तिने कडी लावली.

"आवाज काय, हल्ली मशीनही काढतं," ती आतून म्हणाली. "ह्यांचं पाऊल मी झोपेतही ओळखते."

दिगंबरराव अंगणात उतरले आणि पाय मुद्दाम ओढत पुन्हा पायऱ्या चढू लागले. कितीही ओढला तरी पाय सरळच पडत होता.

आतून कडीच्या जोडीला अडसरही लावल्याचा आवाज आला.