उभ्या पिकासकट

"मामा, एप्रिलपर्यंत थांबा ना जी," इंद्रजित म्हणाला.

देवराव थांबायला तयार नव्हते. पेन्शनची पॉलिसी त्यांना आजच मोडायची होती.

इंद्रजितचं पांढरकवड्यात टॅक्स सल्लागाराचं ऑफिस होतं. समोर सख्खा मामा असला तरी हिशेब तो हिशेब. त्याने पुन्हा समजावलं. इतकी वर्षं या पॉलिसीवर टॅक्समध्ये सूट घेतली होती. मुदतीआधी मोडली की हातात येणारी सगळी रक्कम यंदाचं उत्पन्न धरली जाणार. देवराव वीज खात्यातून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले, म्हणजे वर्षाचा पगारही तिच्यात मिसळणार. पाच लाखांतले लाखभर नुसत्या टॅक्समध्ये जातील. एप्रिलनंतर पगारच नसेल, मग त्याची चौथाईही भरावी लागणार नाही.

"दोन महिन्यांसाठी पाऊण लाख कायले घालवता?"

"वाघीण थांबन काय एप्रिलपर्यंत?" देवराव म्हणाले.

इंद्रजितने पेन खाली ठेवला.

दिवाळीनंतर मथुराबाई, म्हणजे त्याची मामी, खेमसिंगच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. घरात पगार येत होता, पण रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. ते वावर जंगलाला लागून. तिथेच वाघिणीने तिला धरलं. तेव्हापासून मामा कोणाशी धड बोलले नव्हते, आणि आता पॉलिसी मोडून त्यांना नेमकं तेच वावर विकत घ्यायचं होतं.

खेमसिंग तर एका पायावर तयार होता. शेवटची वेचणी तेवढी होऊ द्या, मग ताबा घ्या, एवढंच तो म्हणत होता. देवरावांनी साफ नाही म्हटलं. वावर उभ्या पिकासकट पाहिजे, आणि वेचणीची एकही बाई आत यायला नको.

इंद्रजितला सगळं लख्ख दिसलं. उभं पीक लपायला. बाया नकोत, कारण साक्षीदार नकोत. रानडुकरांसाठी खेमसिंगने वावराभोवती तार ओढलेलीच होती, रात्री तो तिच्यात करंट सोडायचा. आणि मामा म्हणजे जन्मभर खांबावर चढलेला लाइनमन.

"वाघ मारला तं जेल होते, मामा."

"मालूम हाय मले."

"मामी गेली. आता तुमीबी चालले काय?"

देवरावांनी सही केली आणि उठले. जाताना त्यांनी बाजारातून नवी पक्कड आणि रबरी हातमोजे घेतले. गावात अशी बातमी लपते थोडीच. संध्याकाळच्या आत ती इंद्रजितपर्यंत पोचली.

पैसे आले, खरेदी झाली. त्यानंतर मामांचा फोन लागेना. इंद्रजितला घास गोड लागेना. शेवटी एका दुपारी त्याने मोटरसायकल काढली. पाय धरायचे, रडायचं, पण मामांना घरी आणायचंच, असं ठरवून तो निघाला.

वाटेत खेमसिंगची सून रंजिता भेटली. ती वेचणीच्या बायांची मुकादम.

"लाइनमन कोणाले आत येऊ देत नाही," ती म्हणाली. "वेचणीची मजुरी मात्र सगळ्या बायांले पुरी देल्ली. घरी बसा म्हणे."

तोंड बंद ठेवायचे पैसे. इंद्रजितने मोटरसायकल दामटली.

वावर पांढरंफटक पडलं होतं. बोंडं फुटून कापूस मातीत लोळत होता, एकाही झाडाला कोणाचा हात लागलेला नव्हता. एवढा कापूस असा वाया जाताना त्याने जन्मात पाहिला नव्हता. वावराच्या कडेला, धुऱ्यावर देवराव मांडी घालून बसले होते. शेजारी खेमसिंगच्या तारेची भेंडोळी पडली होती. चारी बाजूंनी कापून, गुंडाळून ठेवलेली.

"मामा, हे तार..."

देवरावांनी ओठांवर बोट ठेवलं. विहारात वंदनेला बसल्यावर व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "आतमधी तिचे पिल्लं झोपून राह्यले."