जांभळं पाणी

बाटलीचं झाकण उघडताच पाणी तपासणाऱ्या उल्का भिंगारदिवेंना लिंबाचा वास आला. नमुना ओढ्याचा होता आणि तो आणला होता कारखान्याच्या मॅनेजरनी, इनामकेंनी.

"ओढ्यात सरबत सोडता काय?" त्यांनी विचारलं.

"काठाला लिंबोणीची झाडं आहेत, मॅडम," इनामके म्हणाले.

कारखान्याच्या सांडपाण्यातून ओढ्यात उतरणारं क्रोमियम दोन प्रकारचं असतं, एक फारसं न बाधणारं आणि दुसरं जहाल विषारी. लिंबू पिळलं की विषारी क्रोमियम हळूहळू साधं होतं, हे इनामकेंना कुठून तरी कळलेलं दिसत होतं. उल्काबाईंनी तपासणीची पेटी उचलली, त्यांनाच गाडीत घातलं आणि ओढा गाठला. काठाला नुसत्या बाभळी होत्या. त्यांनी नळीत ओढ्याचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं.

"विषारीच आहे," त्या म्हणाल्या.

आता हा माणूस हुज्जत घालणार, असं त्यांना वाटलं. पण इनामकेंनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. "हे आमच्या क्वार्टरच्या बोअरचं. जरा बघता?"

तेही जांभळं झालं, थोडं फिकट. इनामकेंनी लगेच बायकोला फोन लावला. "बोअरचं पाणी कुणी पिऊ नका. पोरींनाही देऊ नकोस. आमच्या कारखान्याचं विष उतरलंय त्यात."

त्यांचं बोलणं संपेपर्यंत उल्काबाईंनी ओढ्याकाठच्या गावच्या सरपंचांचा नंबर लावला आणि आपला मोबाईल इनामकेंच्या हातात दिला.

"आता हेच, अगदी याच शब्दांत, यांना सांगा."