तुटलेला निरोप

वादळानं मोबाइलचे टॉवर आडवे केले, तेव्हापासून मालिनीच्या गच्चीवरचा रेडिओच तेवढा बोलत होता. हौशी मंडळींनी गावोगाव उभारलेलं हे जाळं एका वेळी एकच लेखी निरोप नेई, तोही मुंगीच्या पावलानं. बंदरावरून तिच्या नवऱ्याची खबर पडद्यावर उमटत होती: ‘मालिनीताई, दामोदरची होडी…’

तेवढ्यात शेजारचा बाबल्या पोरीला उचलून धावत आला. “वहिनी, फुरसं चावलंय! दवाखान्याची बोट मागवा!”

नियम तिनंच घातला होता: जिवावरचं काही आलं, की चालू निरोप तोडायचा. तिनं डोळे मिटून कळ दाबली.

‘बोट निघाली,’ दवाखान्यानं कळवलं. मग तिनं बंदराला हाकांवर हाका दिल्या. पण पलीकडची बॅटरी मेल्याची खूण पडद्यावर आली.

“दादाचं काही कळलं?” बाबल्यानं विचारलं.

पडदा हातानं झाकत ती म्हणाली, “येतोय निरोप. तू आधी धक्का गाठ.”