पक्कं काम

"आधी सही कोण करतंय?" अक्कांनी विचारलं आणि शिवणवर्गाच्या त्या खोलीत सगळ्यांना एकदम आपापले पाय न्याहाळावेसे वाटले.

टेबलावर संघटनेच्या नोंदणीचा अर्ज होता. शहरातल्या वकिलांच्या हाताखाली राबणाऱ्यांची ही पहिलीच संघटना. पॅरालीगल हे नाव तेवढं भारदस्त. काम म्हणजे दावे लिहायचे, पुरावे लावायचे, मुदती सांभाळायच्या आणि खाली सही वकिलाची. मध्यंतरी एका वकिलाची मुदत हुकली. त्याने खापर फोडलं मदतनिसाच्या डोक्यावर. बिचारा सकाळी कामाला गेला आणि संध्याकाळी बेकार होऊन घरी आला. तेव्हापासून अक्का हात धुऊन या संघटनेच्या मागे लागल्या होत्या. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. उद्या ही पाळी आपल्यावर आली तर, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

बैठकीचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं ठरलं होतं. सगळे वेगवेगळ्या वाटांनी आले होते. आल्याआल्या कुणीतरी खिडक्याही लावून घेतल्या होत्या. आता खोलीत चांगलंच कोंदट झालं होतं.

"आमच्या सरांनी आज माझ्या घरची चौकशी केली," मामा म्हणाले. मामा या धंद्यातले सगळ्यांत जुने. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वर म्हणाले, तब्येतीला जपा."

"मग चांगलंच आहे की!" अक्का हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

चष्मेवाली मघापासून पेनाचं टोपण काढत-घालत होती. "अक्का, माझ्या सरांनी आज माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं. कामावरून काढल्याचं. विश्वासघात केला म्हणून, तडकाफडकी. म्हणाले, नाव तेवढं घालू नकोस. ते मी बघतो."

दाराजवळचा दाढीवाला सावरून बसला. "आमच्या सरांनी माझ्याकडूनही घेतलं. मला वाटलं, ड्रायव्हरचं असेल."

"मला वाटलं, सफाईवाल्या बाईंचं," मामा हळूच म्हणाले.

दुपारी अक्कांनीही तसंच पत्र लिहिलं होतं. टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीचं असणार, असं धरून क्षणभर हळहळल्याही होत्या. पण हळहळ वाटली म्हणून काम कुणी कच्चं करतं का? भरपाई मागायची सोय नाही, दाद मागायची सोय नाही, अशी एकेक वाट त्यांनी निगुतीने बुजवली होती. सर वाचून "वा!" म्हणाले आणि त्या एका "वा!"वर अक्का संध्याकाळपर्यंत खूश होत्या. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे सगळ्या वकिलांना कळलंय," चष्मेवाली म्हणाली. "ती पत्रं आपलीच आहेत. उद्या आपल्याच हातात पडणार."

खाली रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली, तसे सगळ्यांचे कान तिकडे गेले. गाडी निघून गेली.

अक्कांनी टेबलाची कड घट्ट धरली. "घाबरू नका. पत्रं आपणच लिहिलीत ना? मग आठवा. कुठेतरी काहीतरी राहून गेलं असेल. एखादी पळवाट. एकाच्या पत्रात जरी सापडली, तरी तिथूनच सगळ्यांना लढता येईल."

दाढीवाल्याने नकारार्थी मान हलवली. चष्मेवालीने डोळे पुसले आणि तिनेही मान हलवली. अक्कांनी स्वतःचं पत्र मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचून काढलं. त्यात फट म्हणून नव्हती.

राहता राहिले मामा. अक्का त्यांच्याकडे वळल्या. "मामा, तुमच्या पत्रात?"

मामा ताठ झाले. म्हातारा चेहरा रागाने लाल झाला.

"पळवाट? माझ्या मसुद्यात? अक्का, तुम्ही मला काय नवशिका समजता?"