घरचा शब्द

"आई, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत ना? पटकन वाच. गाडीवरून पडलोय. हॉस्पिटलचं बिल तुझ्या खात्यातून भरतोय."

फोन मुलाच्याच नंबरवरून होता. आवाज मात्र घोगरा, मागे गलका. आई शिवणयंत्रावर बसली होती, ओठांत टाचण्या. फोन टेबलावर, स्पीकर चालू. त्या खात्यात तिची आजवरच्या शिवणकामाची सगळी कमाई होती. पुढच्या महिन्यात त्यातून कोपऱ्यावरचा गाळा घ्यायचा होता.

तिने टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"घरचा शब्द सांग."

नियम मुलानेच घातला होता. असे आकडे कुणालाच सांगायचे नाहीत. मी मागितले तरी आधी शब्द विचारायचा. शाळेला निघताना आई त्याला ज्या नावाने हाका मारायची, तोच शब्द त्याने निवडला आणि चार दिवसांत विसरला. बाबांनी मेसेज करून कळवला. तो पुन्हा विसरला. बाबांनी पुन्हा कळवला. छत्री, किल्ल्या, आईचा वाढदिवस, त्याच्या डोक्यात काही म्हणून टिकत नसे.

"गोगलगाय," पलीकडून लगेच आलं.

बाजूलाच बसलेल्या बाबांनी चष्मा चढवून फोन उचलला. "थांब रे, वाचतो. तीन…"

आईने फोन हिसकावून बंद केला. मग बँकेला कळवून खात्यातले व्यवहार थांबवले.

"अगं, पोरगं तिकडे पडलंय. शब्दही बरोबर सांगितला त्याने."

"म्हणूनच."

"काळीज आहे की दगड?"

ती सुईत दोरा ओवू लागली. दोरा काही केल्या जाईना.

पुन्हा फोन वाजला. या वेळी अनोळखी नंबर.

"आई, मित्राच्या फोनवरून बोलतोय. माझा फोन सकाळी चोरीला गेला. बाबांचे सगळे मेसेज त्यातच आहेत गं. तू कुणाला काही सांगितलं नाहीस ना?"

"आधी शब्द."

 बाबा फोनजवळ सरकले.

"थांब हां, ओठांवर आहे… कासव?"

दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला.

"जेवायला घरीच ये," आई म्हणाली.